गाडी नेमकी किती उचलावी

पिकअपची उंची वाढवायचे दोन प्रकार आहेत. एकात गाडीचं फक्त धड उचलतात, दुसऱ्यात धडासकट सांगाडाही उचलतात. पहिल्याला बॉडी लिफ्ट म्हणतात, दुसऱ्याला सस्पेन्शन लिफ्ट. चैत्राच्या आधी मला यातलं काहीही माहीत नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडतही नव्हतं. आता मला या विषयात इतकं समजतं की लग्नाच्या पंगतीत लोक माझ्या शेजारची खुर्ची सोडून बसतात.

मला स्वतःला उंच गाडीची हौस नव्हती हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या खोपोलीच्या सोसायटीत तसा समज पसरलेला आहे. मी साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दिवसभर सही घेऊन नटबोल्ट देणाऱ्या माणसाला कसली आलीय हौस? गाडी उचलावी लागली ती आवडीआत्यामुळे. खरं म्हणजे पाथरवाडीच्या देवीमुळे, पण देवाचं नाव पुढे केलं की पुरुष अंग काढून घेतात, असं माझी बायको विनिता म्हणते.

पाथरवाडी आमचं मूळ गाव. कळंबच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. चैत्रात तिथे देवीची जत्रा असते. पालखी देवळातून निघते आणि वेशीवरच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या दगडी चौथऱ्यावर, येऊन बसते. बसते म्हणजे बसतेच. गावातली सगळ्यात थोरली माहेरवाशीण येऊन देवीची ओटी भरत नाही तोवर पालखी गावात शिरत नाही. हा मान इतकी वर्षं जनीआत्याकडे होता. गेल्या पावसाळ्यात ती गेली आणि मान आवडीआत्याकडे आला. आवडीआत्या माझ्या वडिलांची सख्खी बहीण, भिवपुरीला दिलेली. लग्न होऊन गेल्यापासून ती दर जत्रेला मागच्या रांगेत उभी राहून थोरल्या बायकांना ओटी भरताना बघत आलेली. एकेक थोरली गेली, तशी ती एकेक पाऊल पुढे सरकली, आणि पुढे पोचेपर्यंत तिचे गुडघे गेले.

माहेरवाशिणीला घेऊन यायचं काम भावाचं. भाऊ नसेल तर भाच्याचं. माझे वडील आता नाहीत, त्यामुळे भाचा म्हणजे मी.

यात एक पोटकलम आहे. मान असलेली बाई आली नाही तर मान पुढच्या बाईकडे जातो आणि एकदा गेलेला मान परत येत नाही. पुढची बाई म्हणजे ठमीआत्या. आवडीआत्याची चुलत बहीण, तिच्याहून जरा धाकटी, अंगाने काटक. दरवर्षी कळंबपासून चालत येते आणि वर पोचल्यावर दम लागलेल्या तरुणांना पाणी देते.

"ती ठमी टपून बसलीय रं," आत्या फोनवर म्हणाली. "तू मला नुसती येशीपर्यंत ने. पुढचं मी बघते."

"आत्या, मी आहे ना," मी म्हणालो. घरात वडीलधारी मंडळी उरली नाहीत की माणूस अशी वाक्यं फार सहज बोलतो.

आता रस्ता. कळंब सोडल्यावर पाथरवाडीचा फाटा लागतो. या रस्त्याचं काम चालू आहे. चालू आहे म्हणजे सुरू होऊन थांबलेलं आहे. ओढ्यावर मोरी बांधायची म्हणून कोणी तरी सिमेंटचे मोठे पाईप टाकले, त्यावर काँक्रीट ओतलं आणि दोन्ही बाजूंना भराव न घालता निघून गेलं. त्यामुळे रस्त्याच्या मधोमध एक आडवा उंचवटा तयार झालाय, घराच्या उंबऱ्यासारखा, फक्त उंबरा गुडघ्याएवढा. मोटरसायकली कडेने खाली ओढ्यात उतरून जातात, ट्रॅक्टर वरून जातो, बाकी सगळ्या गाड्या अलीकडेच थांबतात आणि माणसं पुढची चढण पायी चढतात. आत्याला ती चढण चढणं शक्य नव्हतं. आत्याचा मुलगा कान्हा याच्याकडे मोटरसायकल आहे, पण आत्या मोटरसायकलवर बसत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं मी सुचवून पाहिलं.

"ट्रॉलीतनं शेण नेतात रं," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

दोन्ही बाजूंना चार ट्रॉल्या माती टाकली असती तर प्रश्न मिटला असता, हे मलाही कळतं. मी ते बुधाजीला म्हणालोही. बुधाजी माझा चुलतभाऊ, जत्रेच्या कमिटीचा मुख्य आणि पालखीचा पुढचा खांदेकरी.

"माती कोन टाकनार? आमी?" बुधाजी म्हणाला. "आमी माती टाकली की दुसऱ्या दिवशी सायेब येऊन फोटू काढतील. काम पूर्ण म्हनून लिवतील. मग डांबर इसरायचं. ती मोरी अशीच रायली पायजे, गावच्या भल्यासाठी."

मोरी अजूनही तशीच आहे.

फाल्गुनात एका रविवारी मी विनिताला घेऊन रंगीत तालमीला निघालो. माझी पिकअप जुनी असली तरी डबल केबिनची आहे, पुढे-मागे माणसं आणि त्यामागे माल भरायचा हौदा, आणि तिच्या ताकदीवर माझा विश्वास होता. पुढची चाकं मोरीवर चढली, पलीकडे उतरली आणि गाडीचं पोट काँक्रीटवर टेकलं. पुढची चाकं इकडे, मागची चाकं तिकडे आणि मधे आम्ही. मी जोर लावला, मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि धुरळा उडाला. हा हा म्हणता निम्मी पाथरवाडी ओढ्याच्या काठावर जमली. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ गाडीभोवती फिरले आणि मला विचारते झाले, "हरेशभाऊ, गाडी वाळत घातलीय का?"

बुधाजीने ट्रॅक्टर आणून आम्हाला मागे ओढलं. माझ्याच गावात, माझ्या बायकोसमोर, मला उलटा ओढत नेण्यात आलं. परतताना कर्जत येईपर्यंत मी प्रत्येक खड्ड्याला शिव्या घातल्या. विनिता म्हणाली, "इतकं काय मनाला लावून घेताय? गाडी थोडी उंच करून मिळत असेल की."

हेच ते वाक्य. पुढे जे जे झालं त्याचा उगम तिथे आहे, पण ते तिच्या लक्षात आणून द्यायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीखाली वाकून किती खरचटलंय ते बघत होतो, तेवढ्यात रोहिदासकाका आले. काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल शेवटचा शब्द त्यांचा असतो. त्यांनी माझी हकीकत ऐकून घेतली आणि डोळे मिटले.

"सस्पेन्शन," ते म्हणाले. "मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवायचे, पुढून ताण द्यायचा. अख्खी गाडी वर. हरेश, भिवपुरीला आम्ही काय करत होतो? पाणी उंचावरून सोडत होतो. सगळा खेळ उंचीचा आहे."

पाण्याचा आणि माझ्या गाडीचा संबंध मला लागला नाही, पण मी मान डोलावली. संध्याकाळी विनिताचा भाऊ देवेश आला. देवेश कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना जीपमधून चिखलात फिरवतो. पैसे देऊन चिखलात जाणारी माणसं त्याला रोज भेटत असल्यामुळे त्याचा आत्मविश्वास मोठा आहे.

"भावोजी, सस्पेन्शनला हात लावू नका," तो म्हणाला. "पाटे वाढवले की गाडी बैलगाडीसारखी आदळते. आत्याची हाडं खिळखिळी होतील. बॉडी लिफ्ट करा. सांगाडा आणि बॉडीच्या मधे ठोकळे घालायचे. उंची पण वाढते आणि बसायला होती तशीच मऊ."

यानंतर हा तांत्रिक प्रश्न राहिलाच नाही. एका बाजूला सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांच्या हातात पाण्याची वेळ आहे. दुसऱ्या बाजूला बायकोचा भाऊ. मी आठवडाभर दोघांनाही "तुमचंच बरोबर वाटतंय" असं सांगत राहिलो, आणि एके दिवशी दोघंही एकाच वेळी जिन्यात भेटले. त्या दिवशी आमच्या जिन्यात जेवढी चर्चा झाली तेवढी त्या मोरीच्या बांधकामाआधी झाली असती तर बरं झालं असतं. काका देवेशला म्हणाले, "तुम्ही गाडीला टाचांचे बूट घालताय." देवेश काकांना म्हणाला, "काका, तुमची ती यंत्रं पाण्यावर चालायची, ही डिझेलवर चालते." दोघं माझ्याकडे वळले.

मी विनिताकडे पाहिलं. विनिता म्हणाली, "तुम्हाला पटेल ते करा." लग्न झालेल्या पुरुषांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. बॉडी लिफ्ट ठरलं.

मी कायद्याने वागणारा माणूस असल्यामुळे आधी आरटीओत जाऊन चौकशी केली. खिडकीतल्या बाई सभ्य होत्या. त्यांनी विचारलं, "उंची कशासाठी वाढवायची आहे?"

"देवीची ओटी भरायची आहे," मी म्हणालो.

मागची रांग पुढे झुकली. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मी आत्या, गुडघे, मोरी, ठमीआत्या असं सगळं सविस्तर सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "गाडी कंपनीने जशी दिली तशीच ठेवायची असते, साहेब. पुढच्या महिन्यात तुमचं पासिंग आहे, तेव्हा मूळ उंचीतच आणा." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "आमच्याकडे मान धाकट्या जावेने पळवला." मागच्या रांगेतल्या एका ट्रकवाल्याने मला "जय माता दी" म्हणून वाट करून दिली. परवानगी मिळाली नाही, सहानुभूती भरपूर मिळाली. पासिंगच्या आधी सगळं होतं तसं करून टाकायचं, असं मी मनाला बजावलं आणि गाडी खालापूरला नेली.

खालापूरला जुन्या रस्त्यावर नवनाथचं गॅरेज आहे. नवनाथची ख्याती अशी की तो कुणालाच नाही म्हणत नाही. शेवटचा माणूस जे बोलेल ते नवनाथचं मत.

"बॉडी लिफ्टच करायची ना?" मी खात्रीसाठी विचारलं.

"बॉडी लिफ्टच," नवनाथ म्हणाला. "दुसरं काय करणार?"

गाडी हातात आली तेव्हा ती ओळखू येईना. चाकं होती तिथेच, खालचा सांगाडा होता तिथेच, बंपर होता तिथेच आणि वरचं सगळं वर गेलेलं. ओढा ओलांडताना माणूस धोतर वर खोचतो ना, तशी ती दिसत होती. मधल्या फटीतून पलीकडची भेळेची गाडी दिसत होती. गिअरचा दांडा खाली राहिल्यामुळे दुसरा गिअर टाकायला मला सीटवरून वाकावं लागे, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या वाहनातल्या माणसाला वाटे की मी त्याला नमस्कार करतोय. खोपोलीपर्यंत मला बऱ्याच लोकांनी परत नमस्कार केला.

सोसायटीत आलो. आमचं पार्किंग इमारतीच्या खाली, खांबांमधे आहे. वरून सांडपाण्याचे पाईप जातात. इतकी वर्षं मी डोळे मिटून गाडी आत घालत आलो होतो, त्या दिवशीही तशीच घातली. वर काही तरी कडाडलं आणि गाडीच्या टपावर धबधबा सुरू झाला.

पाईप रोहिदासकाकांच्या न्हाणीघराचा होता. काका त्या वेळी अंघोळ करत होते. पंचा गुंडाळून जिन्यात आले तेव्हा डोक्याला अजून साबण होता. त्यांनी पाईप पाहिला, गाडी पाहिली, ठोकळ्यांमधली फट पाहिली.

"बॉडी लिफ्ट?" ते म्हणाले.

मी मान खाली घातली. पाईपचं त्यांना काही वाटलं नसावं. सल्ला डावलल्याचं जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: 'सभासदांनी आपल्या वाहनांची उंची परस्पर वाढवू नये.' सभासदांनी असं अनेकवचनी लिहिलं होतं, पण सगळे वाचून माझ्याच दाराकडे बघत होते.

त्या रविवारी पुन्हा पाथरवाडी. पुन्हा पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट काँक्रीटवर. आधीचा ओरखडा होता त्याच ओरखड्यावर. गाडीत उंच बसल्यामुळे या वेळी मला ओढ्याच्या काठावर जमणारे लोक लांबूनच येताना दिसले, हाच काय तो फरक.

बुधाजी गाडीखाली वाकला आणि उठला. "वरनं उंच झाली रं हरेश. खालनं तीच हाय."

मी स्वतः वाकून पाहिलं. मोरीवर टेकत होता तो खालचा सांगाडा, आणि आम्ही उचललं होतं ते वरचं धड. कारखान्यात मी एका बोल्टसाठी दोनदा खात्री करून घेतो. इथे मी आत्याच्या मऊ सीटचा विचार केला, मेव्हण्याच्या मनाचा केला, बायकोच्या चेहऱ्याचा केला. मोरीचा कुणीच केला नव्हता. ट्रॅक्टरने मागे ओढताना मी डोळे मिटून घेतले.

त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला. "जमतंय ना रं?" तिने विचारलं. "मी खण आनून ठेवलाय. हिरवा. तांदूळ पन निवडून ठेवलेत, आख्खे." मग म्हणाली, "नसंल जमत तर सांग हो. ठमीला निरोप धाडते. तिच्या तरी हातनं नीट होऊ दे."

ती असं म्हणाली तेव्हा मला खरंच गलबलून आलं. आत्या भांडते तेव्हा ठीक असते. ती समजूतदारपणे बोलायला लागली की समजावं, तिने आशा सोडली. मी जमतंय म्हणालो, फोन ठेवला आणि एक मजला उतरून रोहिदासकाकांचं दार वाजवलं. माणसाच्या आयुष्यात स्वाभिमान गुंडाळून बगलेत मारायचे काही प्रसंग येतात. काकांनी दार उघडलं आणि मला पुरती पाच मिनिटं उभं ठेवून पाणी उंचावरून का सोडतात ते पुन्हा सांगितलं. मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः माझ्याबरोबर खालापूरला आले.

"सस्पेन्शनच पाहिजे होतं," काका म्हणाले.

"मी तेव्हाच म्हणणार होतो," नवनाथ म्हणाला.

ठोकळे काढून मग पाटे वाढवायचे म्हटलं तर जत्रा उलटून गेली असती. तेव्हा ठोकळे तसेच ठेवून वर, म्हणजे खाली, पाटे वाढवायचं ठरलं. अशा रीतीने बॉडी लिफ्ट की सस्पेन्शन लिफ्ट या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर दोन्ही असं निघालं. गाडी तयार झाली तेव्हा नवनाथच्या गॅरेजातला कुत्रा मान न वाकवता तिच्याखालून गेला. सोसायटीत ती आत घ्यायचा प्रश्नच नव्हता. ती बाहेर रस्त्यावर उभी राहायची आणि येणारे-जाणारे तिच्या सावलीत रिक्षाची वाट बघायचे.

एक भानगड मात्र देवेश म्हणाला तशीच झाली. गाडी आदळायला लागली. साध्या खड्ड्यात विनिताचं डोकं टपाला लागलं, आणि ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी पुढचे खड्डे पायी जाऊन मोजून आलो. नवनाथला फोन केला. तो म्हणाला, "रिकामी आहे म्हणून आदळते. मागे वजन टाका, पाटे बसतील." मी वाळूच्या गोणी टाकल्या. गाडी मऊ झाली आणि खालीही बसली, जवळजवळ होती तिथेच. म्हणजे उंचीसाठी पाटे, मऊपणासाठी गोणी आणि गोणींमुळे उंची गेली. काका म्हणाले, निम्म्या गोणी काढा. देवेश म्हणाला, गोणी नकोच, जिवंत माणसं बसवा, मोरी आली की उतरवता येतात. काका प्रथमच त्याच्याकडे आदराने बघून म्हणाले, "पोरात डोकं आहे."

जत्रेच्या दिवशी त्यामुळे दोघंही तज्ज्ञ मागच्या हौद्यात वजन म्हणून बसले, समोरासमोर, उशा घेऊन. विनिता मागच्या सीटवर. ती म्हणाली, "चला, दोघांचाही उपयोग झाला."

भिवपुरीला आत्या नेसून तयार होती. हिरवं लुगडं, नाकात नथ, मांडीवर ओटीचं ताट. कान्हाच्या घराचं जोतं चांगलं उंच आहे, पावसाचं पाणी शिरू नये म्हणून बांधलेलं. मी गाडी जोत्याला चिकटवून उभी केली आणि आत्या ओसरीवरून सरळ चालत पुढच्या सीटवर येऊन बसली. एक पायरी नाही, वाकणं नाही. "इमानात बसल्यागत वाटतं रं," ती म्हणाली. आम्ही सगळे इतके खूश झालो की कान्हाने नारळ फोडला.

मोरीपाशी आलो. काका आणि देवेश उतरले. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली. पुढची चाकं चढली, उतरली. पोट टेकलं नाही. मागची चाकं चढली, उतरली. मागे काका आणि देवेश एकमेकांना मिठी मारून उड्या मारत होते. आत्याने ताटावरचा रुमाल नीट केला आणि म्हणाली, "यालाच एवढा येळ लागला व्हय?"

वेशीवर ढोल चालू होते. पालखी सहाणेवर बसलेली, गाव भोवती गोळा झालेलं आणि पुढेच ठमीआत्या, हातात स्वतःचं ताट घेऊन, असावं म्हणून. आमची गाडी पाहून ढोल थांबले. मी गाडी सहाणेसमोर लावली, मोठ्या ऐटीत वळसा घालून आत्याच्या बाजूचं दार उघडलं. दाराशी उभा राहिलो तेव्हा आत्याचे पाय माझ्या छातीपाशी होते.

आत्याने खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हरेशा," ती हळूच म्हणाली, "जमीन कुठं हाय?"

भिवपुरीचं जोतं भिवपुरीला राहिलं होतं. इतके दिवस आम्ही सगळे आत्याला मोरीपार न्यायच्या विचारात होतो. उतरायचं कसं, हे सेक्रेटरी, मेव्हणा, नवनाथ आणि मी यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. स्टूल आणलं, ते पुरलं नाही. स्टुलावर पाट ठेवला, तो हलला. आत्याने एक पाय काढून पाहिला, गुडघ्यातून कळ आली, तिने पाय आत घेतला. दोन दांडगे तरुण पुढे झाले, "आमी उचलतो आत्याला."

"खबरदार," आत्या म्हणाली. "मानाची बाई गोनीसारकी उतरवनार?"

लोकांत कुजबुज सुरू झाली. वेळ टळत होती. कुणी तरी म्हणालं, पायाने चालत देवीपुढे जाता येत नाही तर मान कसा घ्यायचा. ठमीआत्या एक पाऊल पुढे आली. वाईट बाई नाही ती. ती म्हणाली, "आवडे, तू बस निवांत. मी भरते ओटी. तुज्या नावानं भरते."

ताटावरचा रुमाल आवडीआत्या नीट करत राहिली, नीट असूनही. मी दार धरून उभा होतो आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती. वडिलांचं एक काम माझ्याकडे आलं होतं आणि तेवढंही मला धड करता आलं नव्हतं.

तेवढ्यात पालखी उठली.

पालखी ओढ घेते, असं आमच्याकडे मानतात. खांदेकरी ठरवत नाहीत, देवी ओढेल तिकडे जावं लागतं. त्या दिवशी पालखी सहाणेवरून उठली, दोन पावलं डावीकडे झुकली, लोक बाजूला झाले आणि ती सरळ माझ्या गाडीकडे आली. देवीने ओढलं की पुढच्या दांडीखाली असलेल्या बुधाजीने, यावर गावात अजून दोन मतं आहेत. मी नंतर बुधाजीला विचारलं. तो म्हणाला, "मला काय इचारतोस? मी खांदेकरी."

पालखी उघड्या दाराशी येऊन थांबली. मी सरकून बाजूला झालो. खांद्यावरची पालखी आणि सीटवरची आत्या, दोघी एका उंचीवर आल्या. एका बोटाचाही फरक नव्हता. आजवर प्रत्येक थोरली सहाणेपुढे गुडघ्यावर बसून, वाकून, खाली बघत ओटी भरायची. आत्याला वाकायला लागलंच नाही. तिने खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाची ओंजळ ओतली. एक दाणा सांडला नाही. मग तिने मान वर केली आणि देवीच्या मुखवट्याकडे बघत राहिली, चांगली खूप वेळ. ढोलवाले टिपऱ्या उचलून थांबले होते. बुधाजीच्या कपाळावरून घाम गळत होता.

"हरेशा," ती म्हणाली, "नाक बघ रं तिचं. आपल्या घरातलं हाय."

मी पाहिलं. बाबांचं नाक होतं.

खालून ठमीआत्याने टाचा उंचावून विचारलं, "काय म्हंते गं ती? काय झालं?"

"काय नाय गं," आवडीआत्या म्हणाली. "वळख निघाली."